औरंगाबाद नगरीतील तरुण स्त्रीचा नित्यसंचार

१. प्रश्नाचे स्वरूप

नगरांचा इतिहास बहुधा संस्थापक, तटबंदी आणि राज्यपालट या तीन सूत्रांत सांगितला जातो. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, या शहराचा इतिहासही याला अपवाद नाही. इ. स. १६१० च्या सुमारास मलिक अंबराने खडकी या गावी राजधानी वसविली. त्याच्या मृत्यूनंतर, १६२६ मध्ये, त्याचा मुलगा फत्तेखान याने तिचे नाव फत्तेनगर ठेवले. दख्खनच्या सुभेदारीवर दुसऱ्यांदा आलेल्या शाहजादा औरंगजेबाने १६५३ नंतर तिला आपले नाव दिले. १६८२ च्या सुमारास शहराभोवती तट उभा राहिला. पुढे आसफजाही घराण्याचे मुख्य ठाणे काही काळ येथे होते आणि १७६३ मध्ये ते हैदराबादेस गेले. हा क्रम पाठ्यपुस्तकांतूनही परिचित आहे.

परंतु याच नगरीत राहणारी अठरा-वीस वर्षांची एखादी स्त्री दिवसभरात कोठवर जात असे, कोणत्या वाटेने आणि कोणाच्या सोबतीने जात असे, हा प्रश्न या क्रमात कोठेही उद्भवत नाही. तो क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे; वस्तुतः तसा तो नाही. एकाच तटाच्या आत राहणाऱ्या दोन माणसांना नगर सारखेच मोठे असते असे मानणे चुकीचे होय. पुरुषाचे नगर वेशीपासून वेशीपर्यंत पसरलेले असे. स्त्रीचे नगर तिला घराबाहेर पडण्यास समाजाने मान्य केलेल्या कारणांइतकेच विस्तृत असे. पाणी, दळण, देवदर्शन, माहेर, मजुरी आणि पुढे शिक्षण ही ती कारणे होत. त्यांचा क्रमाने मागोवा घेतला असता शहराचा एक निराळा नकाशा हाती लागतो. तो मांडण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

२. राजस्त्रिया : दीर्घ प्रवास, अल्प संचार

ज्या स्त्रियांची नावे बखरी-तवारिखांत आढळतात, त्यांच्यापासून आरंभ करणे सोयीचे आहे. औरंगजेबाची पट्टराणी दिलरसबानू हिचा विवाह १६३७ मध्ये झाला. तिच्या अपत्यांची जन्मस्थळे पाहिली म्हणजे तिच्या आयुष्याचा भूगोल स्पष्ट होतो. झेबुन्निसा १६३८ मध्ये दौलताबादेस, झुब्दतुन्निसा १६५१ मध्ये मुलतानास, मुहम्मद आझम १६५३ मध्ये बुऱ्हाणपुरास आणि अकबर सप्टेंबर १६५७ मध्ये औरंगाबादेस जन्मला. या शेवटच्या बाळंतपणानंतर महिन्याभरातच, ऑक्टोबर १६५७ मध्ये, तिचा येथेच अंत झाला. दख्खनपासून सिंधूच्या खोऱ्यापर्यंत आणि पुन्हा दख्खनपर्यंत एवढा प्रवास त्या काळी फारच थोड्या पुरुषांच्याही वाट्यास आला असेल. तथापि हा सारा प्रवास मेण्यातून व पडदे लावलेल्या अंबारीतून, लष्कराच्या वेगाने आणि पतीच्या नेमणुकीनुसार झालेला आहे. ज्या नगरीत तिचा मृत्यू झाला तिच्या बाजारातून ती पायी चालली असण्याचा संभव नाही.

तिच्या मृत्यूनंतर उभारलेल्या मकबऱ्याच्या दारावर वास्तुकार अताउल्ला आणि अभियंता हंसपत राय यांची नावे आहेत. गुलाम मुस्तफाच्या ‘तारीखनामा’ त बांधकामाचा खर्च ६,६८,२०३ रुपये दिला आहे. वास्तूच्या मध्यभागी अष्टकोनी संगमरवरी जाळी असून तिच्या आत, खालच्या पातळीवर, कबर आहे. पाहणाऱ्याने वरून, जाळीआडून पाहावयाचे, अशी ही रचना होय. जिवंतपणीचा पडदा येथे दगडात कायम झाला आहे असे म्हणावयास हरकत नाही. १६६६-६७ च्या सुमारास येथे आलेला फ्रेंच प्रवासी थेव्हेनो याने या वास्तूचा, तिच्या घुमटाचा आणि चार मिनारांचा उल्लेख केला आहे. शहराला अद्याप तट नाही आणि घरांच्या दारांपुढे झाडे आहेत, असेही तो लिहितो. परंतु त्या झाडांखालून जाणाऱ्या-येणाऱ्या स्त्रियांचे वर्णन करण्याचे त्याला कारण वाटलेले नाही.

आणखी एक उदाहरण अधिक बोलके आहे. औरंगजेबाच्या दुसऱ्या एका पत्नीस इतिहास ‘औरंगाबादी महल’ म्हणून ओळखतो. या नगरीत तिचा जनानखान्यात प्रवेश झाला म्हणून हे नाव पडले, असे सर जदुनाथ सरकार यांनी नमूद केले आहे. १६८८ मध्ये विजापूर येथे प्लेगने तिचा मृत्यू झाला. त्याचप्रमाणे बुऱ्हाणपुरात औरंगजेबाच्या नजरेस पडलेली आणि तरुण वयातच औरंगाबादेत मृत्यू पावलेली हिराबाई ही ‘झैनाबादी’ या स्थलवाचक नावानेच प्रसिद्ध आहे. शहरांची नावे या स्त्रियांना चिकटली, पण त्या शहरांत त्यांना स्वतःचा रस्ता मिळाला नाही.

यावरून एक सर्वसाधारण नियम निघतो. दर्जा जितका वरचा, तितका प्रवास लांबचा आणि नित्यसंचार तोकडा. खालच्या थरांत हे प्रमाण उलट होते. मात्र त्या थरांतील स्त्रीचे नाव कोणी लिहून ठेविले नाही. त्यामुळे तिच्या संचाराचा पुरावा ग्रंथांबाहेर शोधावा लागतो.

३. नहर, हौद आणि जाते

असा पुरावा शहराच्या पाणीपुरवठ्यात सापडतो. खाम नदीच्या काठचे हे पठार उंचसखल असून मोठ्या वस्तीला पुरेल इतके पाणी मूळच्या गावात नव्हते. मलिक अंबराने उत्तरेकडील डोंगरपायथ्याच्या परिसरातील भूजल बांधीव बोगद्यांतून केवळ उताराच्या साहाय्याने शहरात आणले. ठिकठिकाणी हवेसाठी व सफाईसाठी उसासे ठेवले आणि नळांवाटे ते पाणी हौदांत पोहोचविले. हीच नहर-ए-अंबरी होय. पुढे बेगमपुऱ्याकडील थत्ते नहर, पाणचक्कीची नहर इत्यादी अन्य नहरा झाल्या.

अभियांत्रिकीचा नमुना म्हणून या योजनेची पुष्कळ प्रशंसा झाली आहे आणि ती यथार्थ आहे. परंतु सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने तिचा अर्थ निराळा आहे. घरात पाणी आणण्याचे काम सर्व जातिधर्मांत स्त्रीचे, आणि त्यातही घरातील तरुण सुनेचे वा लेकीचे असे. भिस्ती किंवा पाणक्या ठेवण्याची ऐपत थोड्यांचीच असे. तेव्हा हौद कोठे बांधावयाचा हे ठरविणारा कारागीर नकळत त्या परिसरातील शेकडो तरुणींच्या चालीचे अंतरही ठरवीत होता. ज्या वाड्याच्या आवारातच हौद होता, तेथील स्त्रीस बाहेर पडण्याचे ते कारण उरले नाही. ज्या वस्तीचा हौद गल्लीच्या तोंडाशी होता, तेथील स्त्री दिवसातून दोन-तीनदा गल्लीपर्यंत जाऊ शकत असे. आणि नहरेच्या पाण्यापासून वंचित राहिलेल्या वस्त्यांतील स्त्रियांस नदी किंवा विहीर गाठावी लागे. पाणवठ्यावरील स्पर्शबंदी लक्षात घेता, अस्पृश्य मानलेल्या समाजातील स्त्रीचे अंतर सर्वांत अधिक असणार हे उघड आहे. घागरीचे ओझे आणि चालण्याचे स्वातंत्र्य ही दोन्ही तिला एकाच वाटेवर मिळत. यांपैकी कोणत्याही एकाचाच उल्लेख करणे म्हणजे चित्र अपुरे ठेवणे होय.

दळणाच्या बाबतीतही हेच दिसते. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या परिसरातील पाणचक्की अठराव्या शतकात सुरू झाली. डोंगरातून आणलेल्या नहरेचे पाणी उंचावरून सोडून तिचे जाते फिरत असे आणि दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी व यात्रेकरूंसाठी पीठ तयार होई. याचा अर्थ, पाण्याच्या बळावर दळण्याची विद्या या शहरास दोन शतकांहून अधिक काळ अवगत होती. तरीही तिच्यापासून हाकेच्या अंतरावरील घरांत पहाटेच्या अंधारात जाते ओढण्याचे काम स्त्रीच करीत राहिली. हे यंत्र धर्मदायासाठी होते; घरच्या बाईचे श्रम वाचविण्याची निकड कोणास वाटली नाही. विसाव्या शतकात इंजिनावर व पुढे विजेवर चालणाऱ्या पिठाच्या गिरण्या आल्या, तेव्हा कोठे दळणाचा डबा घेऊन गिरणीपर्यंत जाणे हा मुलींच्या संचाराचा एक नवा, सर्वमान्य प्रकार झाला.

जाते थांबले, त्याबरोबर एक साधनही क्षीण झाले. जात्यावरच्या ओव्या हा महाराष्ट्रातील स्त्रीजीवनाचा सर्वांत मोठा अलिखित संग्रह होय. हेमा राइरकर आणि गी पॉइटवँ यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस लाखाहून अधिक ओव्या संकलित करविल्या, त्यांवरून या साधनाच्या व्याप्तीची कल्पना येते. माहेरची वाट, पंढरीची वारी, बाजार, भावाची गाडी हे विषय त्यांत सतत येतात. जी स्त्री जात्यापाशी बसलेली असे, तिचे गाणे मात्र बहुधा वाटेचे असे. संचाराची आकांक्षा आणि प्रत्यक्ष संचार यांतील अंतर मोजण्यास याहून विश्वसनीय साधन नाही.

४. पुरे, वेशी आणि देवदर्शन

मोगल अमदानीत शहराची वाढ पुऱ्यांच्या रूपाने झाली. सरदारांनी आपल्या परिवारासह व फौजेसह वसविलेल्या या वस्त्या होत्या. जयसिंगपुरा, करणपुरा, पदमपुरा, बेगमपुरा ही नावे आजही प्रचारात आहेत. प्रत्येक पुरा हा बऱ्याच अंशी स्वयंपूर्ण होता. त्याचा बाजार, त्याचे देवस्थान वा मशीद, त्याचे पाणी त्यातच असे. पुरुष चाकरीनिमित्त पुऱ्याबाहेर जाई. स्त्रीला मात्र पुरा म्हणजेच शहर होते. तट झाल्यावर दिल्ली, पैठण, रोशन, मक्का इत्यादी दरवाजे रात्री बंद होऊ लागले. पण सूर्यास्तानंतर तिच्यापुरती घराची देवडीच बंद होत असल्यामुळे वेशीच्या दारांचा तिच्याशी फारसा संबंध येत नसे.

हे बंधन वर्षातून काही दिवस सैल होई. करणपुऱ्यातील तुळजाभवानीची नवरात्रातील यात्रा हे त्याचे ठळक उदाहरण होय. पहाटेच्या वेळी अनवाणी देवीस जाणाऱ्या स्त्रियांचे थवे हे दृश्य आजही दिसते. वेरूळचे घृष्णेश्वर, खुलताबादचा भद्रा मारुती, पैठणची नाथषष्ठी, तसेच शहरातील व खुलताबादेतील दर्ग्यांचे उरूस ही अशीच निमित्ते होत. धर्माने घातलेले बंधन धर्माच्याच निमित्ताने सुटत असे. गोषा पाळणाऱ्या घरांतील स्त्रिया पडदा लावलेल्या टांग्यातून किंवा छकड्यातून जात, तर इतर स्त्रिया घोळक्याने पायी जात. घोळका हाच त्यांचा पडदा होता, असेही म्हणता येईल. एकटीने जाणे हे या पद्धतीत जवळजवळ बसतच नव्हते.

याला अपवाद होता तो मजुरी आणि विक्री करणाऱ्या स्त्रियांचा. भाजीवाली, दूधवाली, बोहारीण, कासारीण, सुईण, झाडूवाली या स्त्रिया एका पुऱ्यातून दुसऱ्या पुऱ्यात, सरदारांच्या वाड्यांपासून झोपड्यांपर्यंत सर्वत्र फिरत. शहराची सर्वांगीण ओळख कोणास असेल तर ती यांनाच. सुईणीला तर रात्रीही दार उघडे असे. ज्या स्त्रियांना समाजाने कनिष्ठ मानले त्यांनाच संपूर्ण शहर पाहावयास मिळाले, आणि ज्यांना प्रतिष्ठित मानले त्या घरात राहिल्या. फिरणे आणि हीनत्व यांची ही सांगड पुढे शिक्षणाच्या काळातही सहजासहजी सुटली नाही. शाळेला जाणारी मुलगी रस्त्यावर दिसते, हाच तिच्यावरचा पहिला आक्षेप होता.

५. आगगाडी आणि शाळा

१९०० च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेने औरंगाबाद मनमाडशी, आणि तेथून मुंबईशी जोडले गेले. १९०१ च्या जनगणनेत छावणीसह शहराची लोकसंख्या ३६,८३७ होती. एके काळच्या सुभ्याच्या राजधानीचे ते ओसरलेले रूप होते. आगगाडीने तरुण स्त्रीच्या आयुष्यात दोन बदल केले. माहेर आणि सासर यांतील दिवसांचे अंतर तासांवर आले, हा पहिला. दुसरा अधिक सूक्ष्म आहे. बायकांच्या स्वतंत्र डब्यात निरनिराळ्या जातींच्या, धर्मांच्या व भाषांच्या स्त्रिया प्रथमच काही तास शेजारी शेजारी बसल्या. घरातील सोवळ्याचे नियम तेथे अक्षरशः पाळणे शक्य नव्हते.

शिक्षणाची प्रगती त्या मानाने मंद होती. निजामी राज्यात उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. मराठी घरांतील मुलींस, आधीच असलेल्या सामाजिक अडथळ्यांत, भाषेचाही अडथळा पार करावा लागे. सरस्वती भुवनसारख्या लोकाश्रयावर उभ्या राहिलेल्या संस्थांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून हा मार्ग पुरुषांसाठी व हळूहळू मुलींसाठीही मोकळा केला. १९२३ मध्ये येथे शासकीय महाविद्यालय निघाले. पुढे या महाविद्यालयाचे स्थान किल्ले अर्कच्या परिसरात झाले. औरंगजेबाने १६९२ मध्ये बांधविलेला हा किल्ला एके काळी शाही निवासाचा आणि जनानखान्याचा परिसर होता.

६. विद्यापीठाची वाट

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली. त्यानंतरच्या दहा वर्षांत शहराचे शैक्षणिक स्वरूप पालटले. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने येथे महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. हेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून विख्यात झाले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. सुं. रा. डोंगरकेरी हे त्याचे पहिले कुलगुरू होत. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार होऊन त्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्यात आले.

नागसेनवन आणि विद्यापीठ या दोन्ही जागा जुन्या तटाबाहेर, मकबरा, बेगमपुरा आणि लेण्यांचा डोंगर यांच्या बाजूस आहेत. म्हणून विद्यार्थिनीस शहरातून निघून वेस ओलांडणे आणि खाम नदीवरील पूल पार करणे भाग होते. या वाटेचे महत्त्व इमारतींपेक्षा कमी नाही. जी वाट पूर्वी केवळ यात्रेच्या दिवशी, घोळक्याने चालावयाची, ती आता रोज, ठरलेल्या वेळी, हातात वह्या घेऊन आणि पुष्कळदा एकटीने चालावयाची होती. गावकुसाबाहेरच्या वस्तीतून आलेल्या मुलीच्या बाबतीत हे स्थित्यंतर दुहेरी होते. तिच्या आजीला शहरभर फिरता येत होते, पण ते ओझे वाहण्यासाठी. नातीला त्याच रस्त्यांवरून वर्गात बसण्यासाठी जाता आले. संचार तोच राहिला, त्यामागील हीनत्व गेले. या शहराच्या इतिहासातील ही घटना तट बांधण्याइतकीच महत्त्वाची मानावयास हवी.

याच संदर्भात नौखंडा महालाचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. १६१६ मध्ये मलिक अंबराने बांधविलेल्या या महालात पाच जनाने, दिवाण-ए-आम, दिवाण-ए-खास, मशीद व कचेरी असून प्रत्येकास बाग आणि हौद होता, असे वर्णन निजाम सरकारच्या जुन्या गॅझेटिअरात आढळते. महालाचा बहुतांश भाग आता उरलेला नाही. त्याच आवारात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डॉ. रफिक झकेरिया यांनी स्थापिलेल्या शिक्षणसंस्थेचे महिला महाविद्यालय उभे राहिले. एकाच जागेत साडेतीन शतकांपूर्वी स्त्रियांना बाहेर न जाण्यासाठी ठेविले जात असे आणि आज त्या बाहेरून येथे येतात. जुन्या पुऱ्यांतील मुस्लिम घरांतील मुलींस हे महाविद्यालय जवळचे आणि केवळ मुलींसाठी असल्यामुळे घरच्यांची संमती मिळणे सुकर झाले. पडद्याची चौकट पूर्णतः न मोडता तिच्या आधारेच बाहेर पडण्याची ही रीत, यात्रेच्या घोळक्याशी जुळणारी आहे.

७. महानगर आणि जुने कारण

१९७० नंतर चिकलठाणा व वाळूज येथील औद्योगिक वसाहती, सिडकोची नवी वस्ती आणि १९८२ मधील महानगरपालिकेची स्थापना यांमुळे नगराचे महानगर झाले. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीतील लोकसंख्या ११,७५,११६ भरली. तरुणी सायकलीवरून, बसमधून, रिक्षातून आणि पुढे स्कूटरवरून शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊ लागली. तोंडाला ओढणी गुंडाळून दुचाकी चालविणारी विद्यार्थिनी हे या शहरातील नित्याचे दृश्य आहे. ही ओढणी उन्हासाठी किती आणि अनोळखी नजरांसाठी किती, हे सांगणे कठीण असले तरी पडद्याच्या दीर्घ इतिहासातील तो एक नवा टप्पा आहे यात संशय नाही.

तथापि जुने कारण पूर्णपणे गेलेले नाही. १९७६ मध्ये लोकार्पण झालेल्या जायकवाडीच्या जलाशयातून शहराला पाणी मिळू लागले आणि नहरा मागे पडल्या. परंतु शहराच्या वाढीला ती योजना अपुरी पडली आणि एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या व तिसऱ्या दशकांत अनेक वसाहतींना काही दिवसांच्या अंतरानेच पाणी मिळत राहिले. पाण्याचा वार ज्या दिवशी असेल त्या दिवशी घरातील कोणीतरी थांबावे लागते, आणि ते कोणीतरी बहुधा मुलगी किंवा सून असते. चारशे वर्षांपूर्वी हौदाच्या जागेने तिचा रस्ता ठरत होता. आता नळाच्या वेळेने तिची तासिका बुडते. पाणीपुरवठा हा विषय स्थापत्याइतकाच स्त्रीशिक्षणाचाही आहे, हे या उदाहरणावरून ध्यानात येते.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, या शहरातील तरुण स्त्रीच्या संचाराची मर्यादा तट आणि वेशी यांनी क्वचितच ठरविली. ती पाणवठा, जाते, देवस्थान, शाळा यांच्या जागांनी आणि जातिधर्मांच्या संकेतांनी ठरविली. दुसरी अशी की, संचार वाढत गेला तरी त्यास प्रत्येक वेळी कारण द्यावे लागले. पाण्याला जाते, देवाला जाते, दळणाला जाते, कॉलेजला जाते, कामाला जाते, असे तिने सांगावयाचे. तरुण पुरुष संध्याकाळी गुलमंडीवर किंवा सिटी चौकात उभा राहतो तेव्हा त्यास असे कारण विचारले जात नाही. नगर ही सर्वांची समाईक मालमत्ता आहे हे तत्त्व व्यवहारात किती उतरले, याची कसोटी येथेच लागते.

या विषयाच्या पुढील अभ्यासासाठी साधने शहरातच आहेत. नहरांच्या उरलेल्या हौदांची नोंद करून त्यांभोवतीच्या वस्त्यांशी ती जुळविणे, जुन्या पुऱ्यांतील वृद्ध स्त्रियांकडून ओव्या व आठवणी टिपून घेणे, शाळा-महाविद्यालयांच्या जुन्या हजेरीपटांवरून मुली कोणत्या वस्त्यांतून येत होत्या हे पाहणे, ही कामे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील आहेत. यांपैकी पहिली दोन तातडीची होत. हौद बुजविले जात आहेत, आणि हौदावर घागर भरलेल्या पिढीतील स्त्रिया आता थोड्याच उरल्या आहेत.